सर्वांत कडक बोल्ट

समुद्रातून येणाऱ्या गॅसमधला गंधकाचा विषारी वायू वेगळा काढणारा एक कारखाना होता. तिथे प्रचंड दाबाच्या नव्या टाकीचं झाकण कोणत्या बोल्टने आवळायचं, हे ठरवायला बैठक भरली. बोल्टचे पुरवठादार तारकुंडे मोठ्या तोऱ्यात आले. कारखान्याचे मुख्य अधिकारी त्यांचे व्याही, त्यामुळे ऑर्डर खिशात असल्यासारखीच होती.

"आमच्याइतकं कडक पोलाद कुणाकडे मिळणार नाही," ते म्हणाले.

"अडचण तीच आहे," कारखान्याच्या धातुतज्ज्ञ हेमलता उकिडवे म्हणाल्या. "हा वायू कडक पोलादाला आतून तडे पाडतो आणि आवळलेला बोल्ट एकाएकी तुटतो. इथे पोलाद जरा मऊ हवं आणि बोल्ट जाड हवा."

"मऊ? बाई, ही काय पुरणपोळी आहे?" तारकुंडे हसले. मुख्य अधिकारीही हसले.

तारकुंड्यांना आणखी जोर चढला. "असल्याच टाक्यांना आम्ही वर्षानुवर्षं बोल्ट देतोय. बोल्ट तुटला, अशी टाकीजवळच्या एकाही माणसाची तक्रार नाही!"

"कशी येणार?" हेमलताबाई शांतपणे म्हणाल्या. "बोल्ट तुटून तो वायू सुटला, की टाकीजवळचा माणूस दोन श्वासांत आडवा होतो. तक्रार करायला माणूस उरावा लागतो, साहेब."

कुणीच हसलं नाही. मुख्य अधिकाऱ्यांनी खिडकीतून बाहेर काम करणाऱ्या आपल्या माणसांकडे पाहिलं.

"व्याहीबुवा," ते म्हणाले, "बाई सांगतात तसे बोल्ट देत असाल तर बसा. नाहीतर चहा घ्या आणि निघा."