एकट्याला येणारी भाषा

पुष्कळ पिढ्यांमागची गोष्ट. समुद्राकाठी एक लहानसं राज्य होतं. त्याचं बंदर चांगलं खोल होतं, पण बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली काळे खडक दडलेले होते. कुठून वळायचं, हे तिथल्या कोळ्यांनाच ठाऊक. म्हणून बाहेरची गलबतं लांब नांगर टाकून थांबत. किनाऱ्यावरून वाटाड्या गेला, की मगच आत येत.

समुद्रापलीकडच्या बेटांवरचे लोक वर्षा-दोन वर्षांनी तिथे व्यापाराला येत. त्यांची भाषा साऱ्या राज्यात एकाच माणसाला येत होती. त्याचं नाव विसाजी. तो दरबारात दुभाष्या होता. पाहुणे काय बोलले ते तो राजाला सांगे, राजा काय म्हणाला ते पाहुण्यांना. इतक्या वर्षांत त्याने एकही शब्द पदरचा घातला नव्हता. माणूस सचोटीचा होता. राजा त्याला आपल्याशेजारी बसवी, आणि विसाजीला त्या मानाची सवय झाली होती.

एके दिवशी शाळेचे पंतोजी राजाकडे आले. मुलांना ही परकी भाषा शिकवावी, असं त्यांच्या मनात होतं. विसाजींनी रोज घटकाभर शाळेत यावं, पाच-सात वर्षांत वीसेक मुलं तयार होतील, असं ते म्हणाले. राजाला कल्पना आवडली. त्याने विसाजीकडे पाहिलं.

विसाजीच्या मनात आलं : वीस जणांना ती भाषा येऊ लागली, तर आपल्याला कोण विचारणार?

"महाराज, मुलं कोवळी आहेत," तो शांतपणे म्हणाला. "आधी त्यांची स्वतःची भाषा पक्की होऊ द्या. या वयात दोन भाषा शिकवल्या, तर एकही धड यायची नाही."

हे खोटं आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तो स्वतः सात वर्षांचा असताना, परक्या खलाशांच्या मुलांबरोबर बंदरावर खेळता खेळता ती भाषा शिकला होता. आणि स्वतःच्या भाषेतही तो इतका चोख होता, की दरबारची महत्त्वाची पत्रं त्याच्याकडूनच लिहून घेत. पण राजाने मान डोलावली, पंतोजी नमस्कार करून निघून गेले आणि विषय तिथेच मिटला. घरी जाताना विसाजीने मनाची समजूत घातली. कुणाचं काही अडणार नाही, कारण मी आहे.

नऊ वर्षं गेली. एका सकाळी आंघोळ करून उठताना विसाजी कोसळला. त्याचं उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. ऐकू येत होतं, सगळं समजत होतं, पण जीभ वळत नव्हती. वैद्यांनी सांगितलं की सुधारणा होईल, पण महिने लागतील.

त्यानंतर आठच दिवसांनी क्षितिजावर सात गलबतं दिसली. ती दूर नांगर टाकून थांबली. एका लहान होडीतून एक दूत किनाऱ्यावर आला. त्याच्या हातात पत्र होतं. ते दरबारात कुणालाच वाचता येईना.

सात गलबतं एकदम कधीच आली नव्हती. राजाच्या आजोबांच्या काळात चाचे असेच आले होते आणि अर्धं शहर जाळून गेले होते. ते कुणी विसरलेलं नव्हतं. राजाने बंदरावर पहारा बसवला. एकही होडी बाहेर जाऊ नये, असा हुकूम सोडला. मग तो दूताला घेऊन स्वतः विसाजीच्या घरी आला.

पत्र विसाजीच्या डोळ्यांसमोर धरलं. त्याने वाचलं. बेटावरचा डोंगर पेटला होता. आग आणि राख यांच्यातून जे वाचले, ते मुलाबाळांना घेऊन निघाले होते. पिण्याचं पाणी संपत आलं होतं. वाट दाखवणारा माणूस पाठवा, एवढंच मागणं होतं.

विसाजीने बोलायचा प्रयत्न केला. घशातून नुसता आवाज निघाला. डाव्या हातात बोरू दिला, तर कागदावर वेड्यावाकड्या रेघा उमटल्या.

मग राजा एकेक प्रश्न विचारू लागला. लढाईला आलेत? विसाजीने मान हलवली, नाही. व्यापाराला? नाही. इतक्यात दूताने हातांचा पाळणा करून झुलवून दाखवला, गुडघ्याइतक्या उंचीवर हात धरला आणि अंगणातल्या पोरांकडे बोट केलं. प्रधानाचा चेहरा उतरला.

"मुलं? यांना आपली मुलं हवीत?" त्याने विचारलं.

'मुलं' हा शब्द ऐकताच विसाजीने जोरात होकार दिला. पुढचे शब्द कानावर पडले, तशी त्याहून जोरात नकाराची मान हलवली. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच झालं. प्रधान हळूच राजाला म्हणाला, की आजाराने यांचं डोकंही ठिकाणावर राहिलेलं नाही, यांच्या मानेवर विसंबून बंदर उघडता येणार नाही. राजाला ते पटलं. खात्री झाल्याशिवाय कुणालाही आत घ्यायचं नाही, असं ठरलं.

दूताने मात्र विसाजीचे डोळे पाहिले होते. तो खाटेजवळ गुडघे टेकून बसला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "तुम्हाला कळतंय. मला दिसतंय, तुम्हाला कळतंय. दुसऱ्या गलबतावर माझी बायको आहे, दोन मुली आहेत. तुम्ही यांना सांगत का नाही?"

विसाजीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शिपायांनी दूताला उठवून बाहेर नेलं.

दोन दिवस असेच गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी समुद्र खवळला. गलबतांचे नांगर सुटले, आणि निरुपायाने त्यांनी बंदराकडे तोंडं वळवली. किनाऱ्यावरच्या कोळ्यांना ती खडकांवर जाताना दिसत होती. अखेर हुकूम मोडून कोळ्यांनी होड्या पाण्यात लोटल्या. जीव धोक्यात घालून त्यांनी एकेकाला वर ओढलं. सात गलबतांतली मिळून जेमतेम दोन गलबतांत मावतील एवढीच माणसं वाचली. दूताची बायको वाचली. मुली वाचल्या नाहीत.

राजा वाळूवर आला. तिथे ओळीने ठेवलेली लहान मुलं पाहून त्याला दूताच्या हातांचा अर्थ कळला. 

वाचलेल्यांना राज्यात आसरा मिळाला. सहा महिन्यांनी विसाजीची जीभ थोडी सैल झाली. पहिलं वाक्य धड बोलता आलं, त्याच दिवशी त्याने स्वतःला पालखीतून दरबारात न्यायला लावलं. अडखळत, थांबत, त्याने सगळं सांगितलं. पंतोजी आले होते तेव्हा आपण काय बोललो, ते खोटं कसं होतं, आणि का बोललो. कसलीच सबब सांगितली नाही.

 राजा म्हणाला, "विसाजी, तुम्ही दार लावून घेतलंत. पण एवढ्या मोठ्या घराला एकच दार मी ठेवलं होतं. शिक्षा करायची तर दोघांना करावी लागेल. उद्यापासून तुम्ही शाळेत जा."

विसाजीने हात जोडले. पण दरबारातून तो घरी गेला नाही. पालखी त्याने दूताच्या झोपडीकडे वळवायला सांगितली. तिथे त्या माणसासमोर, त्याच्याच भाषेत, त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. मुलांना शिकवू दिलं असतं, तर त्या दिवशी किनाऱ्यावर वीस जण तुमचं बोलणं समजणारे असते, हेही सांगितलं.

दूताने सगळं ऐकून घेतलं. तो रागावला नाही, रडला नाही, आणि क्षमाही केली नाही. तो उठून आत गेला. विसाजी वाट पाहत दाराशी बसून राहिला, पण तो बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी विसाजी शाळेत गेला. समोर तीस मुलं बसली होती. त्याने पहिला शब्द उच्चारला, पण जड जिभेमुळे तो नीट उमटला नाही. मुलांनी तो तसाच चुकीचा म्हटला. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झालं. तो घामाघूम झाला.

तेव्हा दारातून कुणीतरी तो शब्द स्वच्छ म्हटला. विसाजीने वळून पाहिलं. दूत उभा होता. त्याने विसाजीकडे पाहिलं नाही. तो आत आला, मुलांच्या पुढ्यात जमिनीवर बसला आणि तोच शब्द सावकाश पुन्हा म्हणाला. शब्द होता 'पाणी'. तीस मुलांनी त्याच्यामागून तो अगदी बरोबर म्हटला.

त्यानंतर दूत रोज येत राहिला. दोघे शेजारी बसून शिकवत, एकमेकांशी फारसं बोलत नसत. पुढे त्या राज्यात दुसरी भाषा शिकल्याशिवाय कुठलंही मूल शाळेतून बाहेर पडलं नाही, आणि त्या बंदराच्या तोंडाशी मदत मागणारं गलबत पुन्हा कधी तिष्ठत राहिलं नाही.

तात्पर्य : परक्यांची भाषा एकट्याने जपायची ठेव नव्हे, ती शाळेत सगळ्या मुलांना शिकवावी, म्हणजे संकटात कुणाची हाक न समजता वाया जात नाही.