भेगेवरची फळी

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा पृथ्वीवरची सगळी जमीन एकाच ठिकाणी गोळा झालेली होती आणि तिच्याभोवती एकच एक समुद्र होता. धरणी तेव्हा तरुण होती, तिची पावलं झपाझप पडत. आता तिचं वय झालं आहे. आपली नखं वाढतात तेवढ्याच चालीनं ती चालते, म्हणून आपल्याला वाटतं की ती जागची हलतच नाही.

त्या जमिनीवर एक राणी राज्य करायची. राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जा, समुद्र कुठे आडवा यायचा नाही, याचा तिला भारी अभिमान. तिची एकुलती एक लेक उगवतीकडच्या मुलखात दिली होती. राणी सगळ्यांना सांगायची, "लेक सासरी गेली म्हणता? अहो, एका अंगणातून दुसऱ्या अंगणात गेली!"

एका वर्षी त्या राज्याला कसली तरी हुरहुर लागली. विहिरींचं पाणी कोमट झालं. गुरं दावणीला स्वस्थ बसेनात. फडताळातली भांडी आपोआप किणकिणू लागली. माणसं जेवता जेवता उठून दाराशी जात, आणि आपण का उठलो तेच न कळून परत पाटावर येऊन बसत. मधला मुलूख तव्यावरच्या भाकरीसारखा फुगून वर आला, आणि एके दिवशी तो उत्तर-दक्षिण उभा तडकला.

भेग एवढीशीच होती. पोरं तिच्यावरून उड्या मारायची. पण राणीच्या काळजात धस्स झालं, कारण भेगेच्या अलीकडे माहेर होतं आणि पलीकडे सासर.

तिनं हुकूम सोडला, "भेग बुजवा!" चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून दगडी चाकाखाली मळलेला गारा पाट्या भरभरून आला. बायका गाणी म्हणत तो भेगेत ओतायच्या, पुरुष जड लाकडी धुमसानं ठोकायचे. सकाळी पाहावं तर गारा खाली गेलेला आणि भेग थोडी रुंद झालेली. पुन्हा पाट्या, पुन्हा गाणी. पुढे गाणी थांबली, नुसत्या पाट्या राहिल्या.

समुद्रकाठी एक कासव राहायचं. त्याचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं. ते सावकाश चालत भेगेपाशी आलं.

"पोरी, कशाला जीव आटवतेस?" ते राणीला म्हणालं. "धरणीच्या पोटात आग आहे. तिच्यावर एवढी मोठी गोधडी एकाच जागी पडून राहिली, तर खालचं अंग तापणारच. तापलं की फुगणार, फुगलं की उसवणार."

"माझी भूमी कायमची एक आहे, आजोबा."

"कायमची? तुझ्या राजवाड्यामागच्या डोंगरावर शिंपले सापडतात ना? दोन भुया चालत चालत एकमेकींवर आदळल्या, मधला समुद्र चेंगरून गेला, आणि जमिनीला पडलेली वळी म्हणजे तो डोंगर. मी बघितलंय ते. धरणी जोडते, तोडते, पुन्हा जोडते. तिच्याशी भांडू नकोस. भेग रुंद होतेय, तोवर जायचं-यायचं काय ते बघ."

राणीला राग आला. म्हाताऱ्याला चळ लागला, असं ती उघडच म्हणाली. एवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं! पण तिनं दवंडी पिटवली, की भेगेवर कुणी फळी टाकायची नाही, ओंडका टाकायचा नाही. जो टाकेल तो राज्याचा शत्रू.

"पण राणीसाहेब, लोकांनी ये-जा कशी करायची?" प्रधानानं भीत भीत विचारलं.

"फळी टाकली म्हणजे भेग कबूल केली," राणी म्हणाली. "आणि भेग नाहीच आहे, प्रधानजी. ती बुजतेय."

अशातच लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत तेव्हाही होती. सातवा महिना भरला तशी लेक भेगेच्या पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. भेग आता चांगली खाटेएवढी रुंद झाली होती. धडधाकट माणूस उडी मारून गेलं असतं, पण गरोदर बाईनं उडी कशी मारायची?

"आई, एक फळी टाक गं!" लेक म्हणाली. "दोन पावलांचं तर काम आहे."

राणीचा जीव तिळतिळ तुटला. पण दवंडी तिचीच होती, आणि काठावर सगळं राज्य बघत उभं होतं.

"थोडी कळ काढ, बाळ. भेग बुजत आलीय. तू सपाट वाटेनं चालत माहेरी येशील."

"मग तू तरी इकडे ये."

"बुजली की येतेच!"

लेकीनं त्याच काठावर राहुटी ठोकली. राणी अलीकडून हाकारत राहिली, पाट्या ओतवत राहिली. तिला झोप नाही, अन्नावर वासना नाही. भेगेच्या तळातून काळा रस उकळत वर यायचा आणि थिजून नवी भुई व्हायची. ती नवी भुई दोन्ही काठांना आणखी मागे रेटायची. राणी त्या नव्या भुईवरही गारा टाकायला लावायची. वेड्यासारखं नाही तर काय!

एका सकाळी पलीकडच्या राहुटीतून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं. लेक बाळंत झाली होती. राणी धावत काठाशी आली, आणि तिचा सगळा हट्ट त्या एका आवाजानं गळून पडला.

"फळी आणा!" ती ओरडली. "जाऊ दे ती दवंडी! फळी आणा, मला पलीकडे जायचंय!"

लोकांनी धावत जाऊन सर्वांत लांब फळी आणली. ती पलीकडे पोचेना. दोन फळ्या बांधल्या, त्याही पोचेनात. इतक्यात दक्षिणेकडून घोंघावत समुद्र आत शिरला आणि त्यानं ती भेग काठोकाठ भरून टाकली. होडी कुणाला ठाऊकच नव्हती. ज्या राज्यात समुद्र कधी आडवा आला नाही, तिथे होडी कोण बांधणार?

पलीकडचा काठ हळूहळू दूर जाऊ लागला. लेकीनं बाळाला दोन्ही हातांवर उंच धरलं आणि ओरडून त्याचं नाव सांगितलं. लाटांच्या आवाजात राणीला ते ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, लेकीनं पुन्हा पुन्हा सांगितलं. मग तोंड हलताना दिसेना, मग माणूसही दिसेना.

राणी कासवापाशी जाऊन ढसाढसा रडली. "आजोबा, तुम्ही म्हणाला होता ना, धरणी पुन्हा जोडते म्हणून? या दोन भुया पुन्हा भेटतील ना?"

"भेटतील," कासव म्हणालं. "पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला जाऊन भेटतील, नवा डोंगर उभा करतील. पण पोरी, तेव्हा तू नसशील आणि तुझी लेकही नसेल."

तेव्हापासून त्या काठावरचे लोक होड्या बांधायला शिकले. नातवाचं नाव मात्र राणीला शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: दुरावा नाकारल्यानं मिटत नाही, एका पावलाचा आहे तोवरच तो ओलांडावा.