रुसक्या वेलीचा नाच

एक होता डोंगर. डोंगरावर होती तीनच पानांची एक वेल, आणि ती होती महारुसकी! तिचं पान खुडून कुणी तिला पाठ दाखवली, की पान हातातल्या हातात वाळून जायचं. एवढ्याशा वेलीला मान किती हवा, बघा!

डोंगराखाली होता वारल्यांचा पाडा. तिथे राहायची चैती. तिची लेक भुरी, एवढीशी पोर, तापाने फणफणली होती. खाईना, बोलेना. चैतीच्या तोंडचं पाणी पळालं. मग झाडपाल्याची औषधं देणारे म्हातारे भगतबाबा म्हणाले, "चैते, त्या रुसकीचं पान आण. पोर उठंल. पन बाय, तिला पाठ नको दाखवू."

मग चैती धावत गेली. वेलीपुढे वाकली, पान मागितलं, खुडलं. पण आईचं काळीज ते! वळली आणि घराकडे पळत सुटली. चार पावलं जात नाही तोच पानाचा झाला भुगा.

मग गेली दुसऱ्यांदा. आता मात्र वेलीकडे बघत बघत, उलट्या पावलांनी निघाली. अर्धा डोंगर उतरली. तेवढ्यात पाड्यात लाडक्या नावाच्या गड्याने तारपा फुंकला. तारपा म्हणजे भोपळ्याचं लांबलचक वाद्य, बरं का. वारल्यांची रीत अशी, की तारपा वाजला की त्याला पाठ करायची नाही. लहानपणापासून अंगात भिनलेलं! सूर आला आणि चैती गर्रकन वळली. पान वाळलं. बिचारी तिथेच मटकन बसली आणि रडली.

वेलीवर आता एकच पान उरलं होतं. चैती पाड्यात आली नि म्हणाली, "लाडक्यादादा, तारपा घेऊन वर चल. वेलीपुढं उभा राहून वाजव. मंग तुझ्याकडं बघितलं काय नि तिच्याकडं काय, एकच. पन उलटी चालताना मी पडले तर?"

पाड्यातल्या बाया पदर खोचून उठल्या. "पडशील कशी? आम्ही हाव ना!"

मग काय! सगळ्या वर गेल्या. चैतीने वेलीला हात जोडून शेवटचं पान घेतलं. लाडक्या वाजवू लागला. बायांनी एकमेकींच्या कमरेला हात घातले, मधे चैतीला घेतलं, आणि निघाली रांग मागे मागे डोंगर उतरायला. दगड आला की पाय अलगद मागे टेकून बघायचा. खड्डा आला की सगळ्यांनी एकदम वाकायचं. वाट वळली की रांगही झोकात वळायची, तोंडं मात्र तारप्याकडे. लाडक्याही त्यांच्यासमोर पाऊल पाऊल उतरत होता. चैती घाबरली की शेजारणीचा हात घट्ट व्हायचा. आणि पान? हिरवंगार!

भगतबाबांनी रस काढून भुरीला पाजला. पोर निपचित पडून राहिली. मग बाया म्हणाल्या, "ही डोळे उघडेपर्यंत आम्ही काय थांबत नाय." आणि दारातच नाचत राहिल्या. वाकत, डुलत, मागे पाऊल टाकत.

मग हळूच भुरीने डोळे उघडले. म्हणाली, "आये, मलाबी रांगेत घे ना!"

चैती हसली, आणि इतका वेळ आवरलेलं रडू तिला फुटलं.

तेव्हापासून त्या पाड्यात कुणी आजारी पडलं, की औषध पाजायचं आणि सगळ्यांनी त्याच्या दारात नाचायचं. दुखणं कुणाला एकट्याने काढू द्यायचं नाही. मग सगळे सुखाने राहिले. त्या रात्री भुरीही आईच्या मांडीवर गाढ झोपली. चला, तुम्हीही पांघरूण घ्या बघू.