दार उघडून एकदा सांगा

भाऊसाहेब नलावडे यांच्या इंजिनिअरिंग कॉलेजची फी भरण्यासाठी रोहिणीच्या वडिलांनी स्वतःची रिक्षा विकली आणि ते भाड्याची चालवू लागले. पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसल्यावर ती त्याच कॉलेजात शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखतीला आली. बाहेर प्रवेशासाठी पालक ताटकळले होते. त्यांच्या डोक्यावर फ्लेक्स झळकत होता : ‘इथे शिका, नोकरी पक्की.’

भाऊसाहेबांनी तिची फाईल चाळून परत सरकवली. “आपल्याच कॉलेजची होय? मग नको, पोरी. शिकवायला जरा बऱ्या कॉलेजातली माणसं लागतात.”

“बरं,” रोहिणी उठली. “मी दार उघडते. हेच बाहेरच्यांना एकदा सांगा.”

तिचा हात कडीवर गेला तसे भाऊसाहेब खुर्चीतून अर्धे उठले.

“अगं, थांब की. आजपासूनच ये कामाला. तूर्त बाहेर प्रवेशाच्या टेबलावर बस. आपल्या मुलींना नोकरी मिळते, हे लोकांना दिसू दे.”

रोहिणी टेबलावर जाऊन बसली. पहिल्याच गृहस्थांनी चाचरत विचारलं, “ताई, या पदवीवर नोकरी मिळते का हो?”

“मिळते की, काका. मलाही आत्ताच मिळाली,” रोहिणी म्हणाली. “हीच पदवी तुम्हाला विकायची.”