राणीचे काजळ आणि मोगरीचे डोळे

एका राज्यात शहाणी माणसे जरा जास्तच झाली होती, म्हणून तिथल्या मांजरीचे हाल झाले.

कंकाळ जादूगाराने शाप देऊन राजा शतधन्व्याची दृष्टी त्याच्या लाडक्या मांजरीच्या, मोगरीच्या डोळ्यांत बांधून ठेवली होती. तिला दिसे तोवर राजाला दिसे. शाप तुटायचा एकच उपाय होता: तिचे डोळे आजारी पडून पुन्हा पुरते बरे व्हावेत.

एके सकाळी ते डोळे लाल झाले, गळू लागले, पापण्या चिकटल्या. राजाला समोरचा प्रधान धूसर दिसू लागला. झाले! प्रधानाने मध आणला, आचाऱ्याने हळदीचे दूध, पुरोहिताने धूप पेटवला. राणी मदनावतीने बोटभर काजळ घातले. त्या घराण्यात लेकरू असो वा मांजर, दृष्ट लागू नये म्हणून काजळ घालायचेच. जो येई तो काहीतरी घाली. अहो, मांजर होते की लोणच्याची बरणी?

शेवटी जनावरांच्या वैदिणीने आपली बोलकी साळुंकी पाठवली, गळ्यात औषधाची कुपी बांधून. साळुंकीने मांजरीकडे पाहिले, माणसांकडे पाहिले आणि कपाळावर पंख मारून घेतला.

"महाराज, तीन कामे आहेत."

"सांग. सात समुद्र ओलांडू?"

"इथेच बसा. पहिले, उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून डोळे पुसा. एका डोळ्याचा बोळा दुसऱ्याला नको. दुसरे, तिने पंजाने खाजवू नये म्हणून गळ्यात रुंद पट्टा घाला. तिसरे, तीन दिवस या कुपीतल्या थेंबांखेरीज डोळ्यांत काहीही घालू नका."

"एवढेच?"

"तिसरे जमू द्या, मग बोला."

दोन कामे दुपारपर्यंत झाली. ढालीच्या कातड्याचा पट्टा घालून मोगरी खांबांना धडकत फिरू लागली. दुसऱ्या दिवशी राजाला प्रधानाच्या मिशा दिसल्या. तिसऱ्या सकाळी पुन्हा सारे धूसर.

"कोणी काय घातले?" साळुंकी ओरडली. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. "करा पुन्हा पहिल्यापासून!"

पुन्हा केले. पुन्हा तिसऱ्या सकाळी तेच, आणि या वेळी राजाला पुरता अंधार.

साळुंकीचा आवाज बसला होता. "आता चुकलात तर बुबुळे कायमची जातील. तिचीही, तुमचीही."

राजाने मोगरीला मांडीवर घेतले. थेंब वैदिणीने स्वतः येऊन घातले. दुसऱ्या कोणाचा हात राजाने लागू दिला नाही. तीन दिवस तो हलला नाही. चौथ्या सकाळी मोगरीने जांभई दिली आणि दोन्ही डोळे टक्क उघडले. त्या क्षणी शाप तुटला. दूर डोंगरावर कंकाळाची काठी मोडली.

राजाला पहिल्यांदा दिसले ते एक बोट. काजळाने माखलेले, मोगरीच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर. बोटामागे राणी.

"तुम्हीच?" राजा म्हणाला.

राणीला रडू फुटले. "महाराज, भीती वाटत होती हो. तुम्ही असे अंधारात, आणि मी काहीच न करता बसायचे? बसवले नाही."

राजाला संताप आला होता. पण उरलेल्या कोमट पाण्यात कापूस भिजवून त्याने राणीचे बोट पुसले. बोळा काळा झाला, त्याने दुसरा घेतला.

"थोडेसे मोगरीच्या कपाळाला लावू का?" राणीने विचारले.

साळुंकी उडून गेली.

तेव्हापासून त्या राज्यात मुक्या जिवाचा डोळा गळू लागला की माणसे आधी आपले हात आवरतात, मग वैदिणीला बोलावतात. राजाची दृष्टी राजाला मिळाली, मांजरीची मांजरीला. तशी ज्याची त्याला मिळो.