पिकअपची पुढची काच

“एकट्यानं?” शिवमूर्तीनं विचारलं. “अक्का, ही काच एकट्यानं बसत नाही.”

नीलाक्का मठाच्या पायरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बसवून बघ,” त्या म्हणाल्या.

शिवमूर्तीबरोबर वर्कशॉपमधली दोन माणसं आली होती. अक्कांनी त्यांना चहा दिला, घरच्यांची चौकशी केली आणि आल्या पावली परत पाठवलं. कारण सांगितलं नाही. ती दोघं शिवमूर्तीकडं बघत बघत उतार उतरून गेली.

आता माळावर तो, अक्का आणि जांभळाखाली उभी असलेली जुनी पिकअप, एवढंच उरलं होतं.

गडहिंग्लजच्या शिवमूर्ती हत्तरकीला आसपासच्या शहरांतले गाड्यांचे शौकीन ओळखून होते. गंजून गेलेली, कोंबड्यांनी अंडी घातलेली मोटार त्याच्या दारात आणून टाकावी आणि वर्षभरानं नवरीसारखी सजलेली घेऊन जावी. तो हात लावील ती गाडी उभी राहते, असं लोक म्हणत. ते त्याला ठाऊक होतं. लोकांना ते ठाऊक असावं, हेही त्याला आवडत असे.

पण अलीकडं त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गाडी पूर्ण व्हायची, लोक जमायचे, फोटो काढायचे. तो बाजूला उभा राहून बघायचा आणि आत काहीच हलायचं नाही. मग तो सामानगडाच्या रस्त्यालगतच्या या माळावर येऊ लागला. अक्का फार बोलत नसत. भाकरी वाढत, शेजारी बसू देत. तेवढ्यानंही त्याला बरं वाटायचं.

एक दिवस त्यानं मनातलं सांगून टाकलं. वर्कशॉप बंद करतो, दीक्षा घेतो, इथंच राहतो.

अक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिकअपकडं बोट दाखवलं.

ती गाडी शिवमूर्तीपेक्षा वयानं मोठी. गोल बोनेट, अरुंद केबिन, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. अक्कांच्या गुरूंनी ती मठासाठी घेतली होती. आता अक्कांनी सत्तरी ओलांडली होती, तरी ती त्याच चालवत. बाजारातून धान्य आणत, वाड्या-वस्त्यांवरच्या आजाऱ्यांना दवाखान्यात पोचवत. मध्यंतरी उसाच्या ट्रॅक्टरच्या चाकाखालून दगड उडाला आणि पुढच्या काचेला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. ऊन तिरपं झालं की तडा असा चमकायचा, की रस्ताच दिसेना. तेव्हापासून दुपार कलल्यावर कुणी बोलवायला आलं तर अक्कांना नाही म्हणावं लागे.

ती काच बदलून दे, मग दीक्षेचं बोलू, असं अक्का म्हणाल्या होत्या.

शिवमूर्ती मनातून हसला होता. एवढंच? त्यानं भंगारबाजार पालथे घातले आणि त्याच वळणाची, एक ओरखडा नसलेली काच शोधून काढली. नवं रबर आणलं. जुनी काच काढून चौकट घासून रंगवलीसुद्धा. आता फक्त बसवायची होती.

…आणि अक्का म्हणत होत्या, एकट्यानं.

या जुन्या गाड्यांची काच चिकटवत नाहीत. काचेभोवती जाड रबर चढवतात, त्या रबराच्या खाचेत सगळीकडून दोरी फिरवतात आणि दोरीची टोकं केबिनमध्ये सोडतात. मग एकानं बाहेरून काच तळव्यांनी दाबायची आणि दुसऱ्यानं आतून दोरी ओढायची. दोरी सुटत जाते तशी रबराची कड उलटून पत्र्यावर चढते आणि काच धरली जाते. बाहेरचा दाब आणि आतली ओढ एकाच वेळी, एकाच जागी यावी लागते. दोन माणसांचंच काम ते.

तरी त्यानं करून बघितलं.

रबराला साबणाचं पाणी लावलं. काच चौकटीवर टेकवली, छतावरून पट्टे टाकून बांधली. आत जाऊन दोरी ओढली. डावीकडची कड बसली आणि उजवीकडून काच वर उचलली गेली. तो धावत बाहेर आला, उजवीकडं दाबली. डावीकडची सुटली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. दोरी नव्यानं भरली. पट्टे आवळले. ऊन चढलं. सदऱ्याची कॉलर घामानं मानेला चिकटली.

अक्कांच्या शेंगा सोलून झाल्या. त्या तिथंच बसून बघत राहिल्या.

ही माझ्या धीराची परीक्षा असणार, असं त्याला वाटलं. म्हणून न चिडता आणखी एकदा लावून बघितली. काच निसटली आणि त्यानं ती छातीवर झेलली.

मग वाटलं, माझ्या तोंडून हार वदवून घ्यायची असेल. तो पायरीपाशी गेला आणि म्हणाला, अक्का, मला जमत नाही.

अक्कांनी मान हलवली. “दिसतंय,” त्या म्हणाल्या.

आता त्याला काही सुचेना. तुम्ही तरी आत बसा, नुसती दोरी ओढा, अशी त्यानं विनवणी केली. अक्का लगेच उठल्या. केबिनमध्ये जाऊन बसल्या, दोरीची टोकं हातात घेतली. तो बाहेरून काचेला भिडला.

“हळू ओढू का जोरात?” आतून अक्कांनी विचारलं.

“मी सांगेन तसं ओढा.”

अक्कांनी दोरी सीटवर ठेवली. दार उघडून खाली उतरल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या.

शिवमूर्ती काच तशीच छातीनं रेटून उभा राहिला. काय चुकलं? त्यांनी विचारलं, त्यानं सांगितलं. काम असंच तर चालतं.

त्यानं काच उतरवून गोधडीवर ठेवली आणि अक्कांसमोर आला. आवाज चढला होता. त्याला तो कळत होता, पण आवरत नव्हता. माझी माणसं तुम्ही परत का पाठवलीत, असं त्यानं विचारलं.

“हाताखालचं कुणी नको.”

“मग कुणाला आणू?”

अक्कांनी सोललेली चवळी पदरात घेतली आणि आत गेल्या.

तो पिकअपच्या पायरीवर बसला. कुणाला आणायचं? एकेक चेहरा त्यानं आठवून बघितला. वर्कशॉपमधले सगळे हाताखालचे. गाड्यांचे मालक पैसे देणारे, ते दोरी कशाला ओढतील? घरचे त्याच्या शब्दाबाहेर नाहीत. इतक्या माणसांत वावरणारा तो, आणि काचेच्या दुसऱ्या बाजूला बसवावं असं एकही माणूस सापडेना.

हाताखालचं कुणी नको.

हाताखालचं… हा शब्द त्यानं कुठंतरी ऐकला होता. नाही, वापरला होता.

मागं एकदा एक निळी मोटार पूर्ण झाली होती. कोल्हापूरहून पाहुणे आले होते. दारं कशी अलगद लागतात, याचं त्यांना कोण कौतुक. शेजारी त्याचा धाकटा भाऊ इराप्पा हात पुसत उभा होता. ती दारं इराप्पानंच बसवली होती. हे कोण, असं पाहुण्यांनी विचारलं आणि शिवमूर्ती बोलून गेला, “हा होय? माझ्या हाताखालचा आहे.”

‘माझा भाऊ’ असं तो म्हणाला नाही. का म्हणाला नाही, हे आजही त्याला सांगता आलं नसतं.

इराप्पानं त्या दिवशी काम पुरं केलं, हत्यारं पुसून जागच्या जागी लावली आणि गेला. परत आला नाही. संकेश्वरला ट्रॅक्टर दुरुस्त करतो, एवढं कानावर होतं. अक्कांपाशी शिवमूर्तीनं त्याचं नावही कधी काढलं नव्हतं. मग अक्कांनी हा शब्द आणला कुठून? त्यांना ठाऊक होतं, की सहज तोंडातून निघून गेला?

तो उठला आणि संकेश्वरला निघाला.

इराप्पा एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता. बाहेर नुसते पाय दिसत होते. शिवमूर्तीला ते पाय लगेच ओळखू आले. हाक न मारता तो तिथंच उभा राहिला. शेवटी इराप्पाच सरपटत बाहेर आला, त्यानं भावाकडं बघितलं आणि जवळच्या एका फळीकडं हात केला. बस, असा त्याचा अर्थ असावा. मग पुन्हा ट्रॅक्टरखाली गेला.

शिवमूर्ती फळीवर बसला. आपल्याला बसवून घेतलंय की टाळलंय, हे त्याला कळेना. गिऱ्हाइकं येत होती, त्याच्याकडं बघत होती. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं.

बऱ्याच वेळानं इराप्पा मोकळा झाला. शिवमूर्तीनं वाटेत बरंच काही जुळवलं होतं. त्यातलं एकही वाक्य तोंडातून बाहेर पडलं नाही.

“काच बसवायची होती,” तो म्हणाला. “अक्कांच्या पिकअपची.”

इराप्पानं हाताला माती चोळली, पाणी घेतलं. हात धुता धुता विचारलं, “रबर नवं आहे?”

“नवं आहे.”

“उन्हात ठेव. मऊ पडू दे.”

“येशील?”

इराप्पानं नळ बंद केला. आतून कुणीतरी हाक मारली, तिकडं गेला.

याचा अर्थ हो की नाही, असा विचार करत शिवमूर्ती माळावर परतला. अक्कांनी जेवायला वाढलं. तिथंच निजण्याआधी त्यानं रबर सकाळचं ऊन येईल अशा जागी मांडलं.

सकाळी तो उठला तेव्हा इराप्पाची मोटारसायकल जांभळाखाली लागलेली होती. इराप्पानं अक्कांच्या पाया पडून त्यांच्याशी दोन शब्द बोलून घेतले होते. भावाला त्यानं नुसती मान हलवून दाखवली. रबर उन्हात मांडलेलं होतं, ते दाबून बघितलं. मग विचारलं नाही, सांगितलं नाही, केबिनमध्ये जाऊन बसला. दोघं काच बसवत, तेव्हा शिवमूर्ती बाहेरून सांगायचा आणि आतली जागा नेहमी इराप्पाची असायची.

शिवमूर्तीनं रबर काचेवर चढवलं, खाचेत दोरी भरली आणि काच उचलून चौकटीवर ठेवली. तळवे टेकवले. “आता,” म्हणायला तोंड उघडलं आणि तोवर दोरी सुटायला लागली होती.

तो दोरी जिथं पोचेल तिथं हात नेत राहिला. खालची कड बसली. कोपरा आला, तिथं इराप्पा क्षणभर थांबला. शिवमूर्तीनं मुठीनं हलकेच ठोकलं, दोरी पुढं निघाली. बाजू बसली. वरची कड बसली. शेवटचा कोपरा चढताना रबर करकरलं आणि दोरीचं टोक इराप्पाच्या मांडीवर पडलं.

काच बसली होती. कुठं फट नव्हती, कुठं रबर मुरगळलं नव्हतं.

काचेपलीकडून इराप्पाचा चेहरा अगदी समोर होता. वडिलांसारखे दाट भुवयांचे डोळे. ते रबराच्या कडेवरून फिरत होते. मग ते वर आले आणि शिवमूर्तीवर थांबले. शिवमूर्तीचे हात अजून काचेवर होते. ते काढून घ्यावेत की तसेच ठेवावेत, त्याला समजेना.

“इरू…” तो म्हणाला. काच मध्ये होती. ऐकू गेलं की नाही, कुणास ठाऊक.

अक्का आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. काचेवरून पालथा हात फिरवला. समोर उभं राहून आरपार बघितलं.

शिवमूर्तीला भरून आलं होतं. सगळा गुंता आता सुटला, असं त्याला वाटलं. एकट्यानं होत नाही, हेच अक्कांना शिकवायचं होतं. तो हात जोडून पुढं झाला आणि अक्का, आता दीक्षा द्या, म्हणाला.

“काढा,” अक्का म्हणाल्या.

“काय?”

“काच काढा.”

तो बघतच राहिला. बसवण्यात काही खोट राहिली का, असं त्यानं विचारलं. अक्का म्हणाल्या, नाही, उत्तम बसली आहे. मग काढायची कशाला? एवढी शोधून आणलेली काच, काढताना फुटेल, असं तो म्हणाला.

“फुटेलही,” अक्का म्हणाल्या.

वाड्यांवरचे लोक ताटकळत असतील, आजच कुणाची निकड लागली तर, असं काहीबाही तो बोलत राहिला. बोलता बोलता त्यालाच आपलं बोलणं पोकळ वाटू लागलं. अक्का शांतपणे ऐकत होत्या. कालपर्यंत त्यांचं काहीच कळत नव्हतं. मघाशी सगळं कळलं होतं. आता पुन्हा काहीच कळत नव्हतं.

केबिनमध्ये खरखर झाली. इराप्पानं खिशातून लाकडी चपटी पट्टी काढली होती आणि रबराची कड आतून हळूहळू सोडवत होता. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना हसू.

शिवमूर्ती बोनेटकडं धावला आणि काच झेलायला दोन्ही हात लावून उभा राहिला. कड सुटत आली. काच सावकाश त्याच्या अंगावर कलली. दोघांनी मिळून ती उतरवली आणि गोधडीवर निजवली. फुटली नाही.

इराप्पानं रबर पुसलं, दोरी साबणाच्या पाण्यात बुडवली आणि खाचेत भरायला घेतली. शिवमूर्तीनं दुसऱ्या बाजूनं रबर उघडून धरलं. दोघं गोधडीवर गुडघे टेकून बसले होते. मध्ये काच होती आणि काचेत जांभळाची पानं हलत होती.

दोरी भरून झाली. इराप्पा केबिनच्या दाराकडं निघाला. शिवमूर्तीनं सवयीनं बाह्या वर सारल्या आणि तो बोनेटकडं वळला.

अक्कांनी त्याचं मनगट धरलं. गोधडीवर पडलेली दोरीची टोकं उचलून त्याच्या मुठीत दिली.

“या खेपेला तू आत बस.”