टिटवीच्या अंगणात

एका डोंगराच्या पायथ्याशी दाट रान होते आणि त्या रानात एक रानडुकरीण आपल्या पाच पिल्लांसह राहत असे. अंगाने ती भक्कम आणि आवाजाने खरखरीत. ती वाटेने येताना दिसली की कोल्हासुद्धा बाजूला होई. त्या वर्षी उन्हाळा फार कडक पडला. रानातली डबकी आटली, चिखलाच्या खपल्या झाल्या. अंगावरचे पट्टेही अजून न पुसलेली ती पिल्ले दिवसभर करवंदीच्या जाळीत धापा टाकत पडून राहत. त्यांना तसे पाहून आईचा जीव तुटे. एके दिवशी ती म्हणाली, "उद्या उजाडता उजाडता निघू. डोंगरापलीकडे नदी आहे. तिच्या वळणावर पांढरी वाळू आहे, पाणी उथळ आहे आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. दिवसभर तिथे खेळा, संध्याकाळी परत येऊ."

मुलांनो, ते नदीचे वळण खरोखरच तसे होते. स्वच्छ, मऊ वाळू. काठावर एक जुना उंबर, त्याची सावली थेट पाण्यापर्यंत आलेली. पिल्ले धावतच पाण्यात शिरली. एक लोळू लागले, एक पाण्यातल्या स्वतःच्याच तोंडाला घाबरून मागे सरले, पुन्हा पुढे गेले. रानडुकरीण उंबराखाली ओल्या वाळूत आडवी झाली आणि कितीतरी दिवसांनी तिने निवांत डोळे मिटले. तेवढ्यात डोक्यावर "टिव्‌ टिव्‌ टिटिव्‌" असा कलकलाट सुरू झाला. एक टिटवी वरून घिरट्या घालत होती, खाली झेपावत होती, पुन्हा वर जात होती. पिल्ले दचकून आईला बिलगली.

"काय गं," रानडुकरीण गुरगुरली, "नदी काय तुला आंदण मिळाली आहे? आम्ही एका दिवसासाठी आलोय. तुझं काही घेत नाही, तुला काही मागत नाही. मग उगाच डोकं का उठवतेस?" टिटवीने आणखी एक गिरकी घेतली. ती दूर पाण्याच्या कडेला जाऊन बसली. रानडुकरिणीला वाटले, बरे झाले, एकदा दटावल्यावर गप्प तरी झाली. पिल्ले पुन्हा खेळू लागली.

ऊन चढले. वाळू अशी तापली की सावलीबाहेर पाय ठेववेना. रानडुकरीण डोळे किलकिले करून पिल्लांवर लक्ष ठेवून होती आणि तिला पुन्हा ती टिटवी दिसली. टिटवी पाण्यात बसून पोटाची पिसे भिजवी, मग वाळूतल्या गोट्यांच्या दिशेने चार पावले पळे. तिथे थबकून रानडुकरिणीकडे बघे आणि माघारी फिरे. पिसे सुकली की पुन्हा भिजवी, पुन्हा निघे, पुन्हा फिरे. चोच उघडी पडली होती, पाय लटपटत होते, तरी तिच्या येरझारा थांबेनात. 'भिजल्या पोटाने ही जाते आहे तरी कुठे?' रानडुकरीण विचार करू लागली. मग एकाएकी तिच्या ध्यानात आले. ती हळूच म्हणाली, "टिटवी, तुझी अंडी आहेत का गं इथे?"

टिटवी दोन पावले मागे सरली. मग म्हणाली, "सांगितलं तर तुम्ही काय कराल?"

"आमच्या जातीला अंडी चालतात, खोटं कशाला बोलू," रानडुकरीण म्हणाली. "पण समोर माझी पोटची पोरं खेळताहेत. आज माझ्याकडून तसं होणार नाही."

"मग ऐका, ताई," टिटवी म्हणाली. "त्या गोट्यांमध्ये माझी अंडी आहेत. वाळू तापली की ती भाजून निघतात. मी पोट भिजवून त्यांच्यावर बसते, तेव्हा कुठे ती तगतात. पण तुम्ही इथे आहात तोवर मला तिथे जाता येत नाही. गेले तर जागा कळते, नाही गेले तर अंडी जातात. सकाळी मी तेवढ्यासाठी ओरडत होते."

रानडुकरीण ताडकन उठली आणि जागीच थिजली. तिचे सगळ्यात धाकटे पिल्लू गोट्यांच्या मधोमध उभे होते, नाक खाली करून काहीतरी हुंगत. टिटवीने किंकाळी फोडायला चोच उघडली. "ओरडू नकोस," रानडुकरीण कुजबुजली. "ते दचकलं तर पाय कुठे पडेल सांगता येत नाही." टिटवीने आवाज गिळला. मग रानडुकरिणीने आपला तो खरखरीत आवाज जितका मऊ करता येईल तितका मऊ केला. "बाळा, आहेस तिथेच थांब."

"आई, या गोट्याला वास येतोय."

"येऊ दे. त्याला तोंड लावू नकोस. मागे बघ, तुझ्याच पायांचे ठसे दिसतात ना? त्या ठशांवरून एकेक पाय टाकत ये. घाई नाही."

पिल्लू एकेक पाय टाकत मागे आले. आईने त्याला जवळ ओढून त्याचे डोके चाटले. तोवर टिटवी पोट भिजवून गोट्यांमध्ये जाऊन बसलीही होती. आईने सगळ्यांना हाक मारली, "चला, आपण खालच्या अंगाला जाऊ." पिल्ले कुरकुरू लागली. "तिकडे सावली नाही," एक म्हणाले. दुसरे म्हणाले, "आई, नदी तर सगळ्यांचीच असते ना?" आई म्हणाली, "असते, बाळा. पण आपण संध्याकाळी घरी जाणार. तिचं घरच इथे आहे."

खालच्या अंगाला लव्हाळी होती आणि चिखल होता, पण झाड एकही नव्हते. रानडुकरीण उन्हाकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या अंगाच्या सावलीत पाचही पिल्ले चिखलात लोळली, भांडली आणि शेवटी एकमेकांच्या अंगावर झोपून गेली. तिची पाठ भाजत होती, तरी ऊन कलेपर्यंत ती हलली नाही.

संध्याकाळी परतताना तिने जवळची वाट सोडली आणि पिल्लांना काठाच्या वरच्या बाजूने, लांबून नेले. टिटवीने ती सगळी रांग पाहिली. तिने मान उंच केली, क्षणभर रानडुकरिणीकडे बघितले आणि मग, न ओरडता, न उठता, मान पिसांत घालून ती डोळे मिटून बसली.

तात्पर्य : आपण जिथे एका दिवसाचे पाहुणे असतो, तिथे कुणाचा तरी कायमचा संसार असतो, तो जपून वावरावे.